रत्नागिरी-सिंधुदुर्गाची तुलना दुसऱ्या देशाशी करायची, तर आकडा कोणता घ्यायचा?

प्रश्न असा आहे: आर्थिक पाहणीत जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न दिलेलं असतं. त्याला डॉलरच्या भावाने भागलं, तर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग हे जिल्हे श्रीलंका, व्हिएतनाम, मॉरिशस यांच्या शेजारी कुठे बसतात ते कळेल का? आणि त्यावरून इथल्या राहणीमानाबद्दल काही म्हणता येईल का?

भागाकार करायला हरकत नाही, पण डॉलरचा भाव ही यातली सगळ्यात सोपी अडचण आहे. खरी गोम वेगळीच. दक्षिण कोकणात जिल्ह्यात तयार होणारं उत्पन्न एक, आणि जिल्ह्यातली घरं ज्या पैशावर चालतात तो दुसरा. घाटावरच्या साखरपट्ट्यात या दोन रकमा बऱ्याच जवळ असतात, इथे नसतात. म्हणून आधी ठरवायचं की तुलना उत्पादनाची करायची, घरात येणाऱ्या पैशाची, की जगण्याच्या दर्जाची. तिन्हींसाठी आकडे वेगळे, आणि बरोबरीला घ्यायचे देशही वेगळे.

पाहणीतला आकडा काय मोजतो

जिल्हा उत्पन्नाचे अंदाज राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं आणि ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’त ते छापून येतात. पद्धत अशी, की उत्पन्न जिथे निर्माण झालं त्या जिल्ह्यात धरायचं. कोणाच्या खिशात गेलं ते बघायचं नाही. शेती, मासळी, वनं, खाणी, कारखाने यांचं मोजमाप बऱ्यापैकी थेट होतं. रेल्वे, बँका, दूरसंचार, केंद्र सरकारचं प्रशासन यांचा मात्र राज्यालाच देशाच्या आकड्यातून वाटा मिळतो, आणि तो पुढे कामगारसंख्येसारख्या निर्देशकांवरून जिल्ह्यांना वाटला जातो. म्हणजे जिल्ह्याच्या आकड्यातला बराचसा भाग वाटणीचा आहे. दोन जिल्ह्यांत चार-पाच टक्क्यांचा फरक दिसला तर त्यावर लेख लिहू नये.

आता यात चाकरमानी कुठे? लालबाग-परळात, आणि हल्ली विरार-डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाची कमाई मुंबई किंवा ठाण्याच्या खात्यात जाते. कुवेत-सौदीतल्या माणसाची कमाई त्या देशाच्या जीडीपीत जाते. बोटीवर गेलेल्याचं तसंच. त्याने घरी पाठवलेले पैसे हे हस्तांतरण, उत्पादन नव्हे, म्हणून जिल्हा उत्पन्नात ते येतच नाहीत. गावी चिऱ्याचं घर बांधायला काढलं की तेवढ्यापुरतं बांधकाम मोजलं जातं, आणि पुढे स्वतःच्या घरात राहण्याचं मानीव भाडंही. सिमेंट, लोखंड, टाइल्स बाहेरून येतात, त्यांची मूल्यवृद्धी, म्हणजे उत्पादनात पडलेली किंमतीची भर, बाहेरच राहते. कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा मुलूख’ म्हणतात, ती मनीऑर्डर जिल्ह्याच्या दरडोई आकड्यात शोधून सापडणार नाही.

उलट बाजूही आहे. रायगडात डोलवीचा पोलाद कारखाना, थळचा खत कारखाना, नागोठण्याचं पेट्रोरसायन संकुल, न्हावा-शेव्याचं बंदर. यांची मूल्यवृद्धी रायगडची, पण नफा आणि व्याज जिल्ह्याबाहेरच्या भागधारकांचं आणि बँकांचं. पोलादपूर-म्हसळ्यातल्या घराला त्यातलं काय मिळालं ते या आकड्यातून कळत नाही. जगात याचं सगळ्यात ठळक उदाहरण आयर्लंड. परदेशी कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली, आणि २०१५ साली त्या देशाच्या जीडीपीत एका वर्षात सुमारे २६ टक्के वाढ दिसली. लोकांच्या घरात तसं काहीच घडलं नव्हतं. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला त्यासाठी सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा काढावा लागला.

मुंबईचं साम्य लक्झेंबर्गशी. तिथले जवळपास निम्मे नोकरदार रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येतात. उत्पादनात ते मोजले जातात, लोकसंख्येत नाहीत, म्हणून दरडोई आकडा फुगतो. विरार, वसई, कल्याणहून लोकलने येणाऱ्यांमुळे मुंबईचं तेच होतं, आणि पालघरचं नेमकं उलट. पालघरात आणखी एक पेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीत २९,९०,११६ लोक होते आणि त्यातले सुमारे १२ लाख एकट्या वसई-विरार शहरात. तारापूरची अणुवीज, बोईसरची औद्योगिक वसाहत आणि वसईचे गाळे एका बाजूला, जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण दुसऱ्या बाजूला. जिल्ह्याची सरासरी या दोघांपैकी कोणाचीच नाही. देशांमध्ये असा नमुना इक्वेटोरियल गिनीचा: तेलामुळे दरडोई उत्पन्न वर, आरोग्य-शिक्षण बरंच खाली.

पैसा आत येतो तसा बाहेरही जातो

घरात येणाऱ्या पैशाची तुलना करायची तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाला नेपाळ, फिलिपिन्स, टोंगा, सामोआ अशा देशांशेजारी बसवा. नेपाळात परदेशातून येणारा पैसा जीडीपीच्या जवळपास एक चतुर्थांश असतो. मजा अशी की हे दोन जिल्हे स्वतः नेपाळला पैसे पाठवतात. मिरकरवाड्याच्या बोटींवरचे अनेक खलाशी आणि आंब्याच्या बागा राखणारे अनेक गडी नेपाळी आहेत. घरचा तरुण मुंबईत, त्याच्या कलमांवर राखणीला नेपाळी. त्यामुळे नुसती आवक मोजून चालत नाही, जावकही वजा करावी लागते.

केरळात १९९८ पासून ठरावीक अंतराने स्थलांतर सर्वेक्षण होत आलं आहे. २०२३ च्या फेरीत बाहेरून आलेली रक्कम २ लाख १६ हजार कोटींच्या वर निघाली. कोकणासाठी मात्र आडून अंदाज बांधावा लागतो. मार्ग तीन. पहिला, रिझर्व्ह बँक जिल्हावार ठेवी आणि कर्जं दर तिमाहीला प्रसिद्ध करते. स्थानिक उत्पादनाच्या मानाने ठेवी फार जास्त आणि कर्ज-ठेव गुणोत्तर कमी, म्हणजे पैसा बाहेरून येतो आणि गुंतवणूक बाहेरच होते. हे गुणोत्तर ४० टक्क्यांखाली गेलं तर जिल्हा सल्लागार समितीने खास उपसमिती नेमावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, त्यामुळे अग्रणी बँकेच्या बैठकांच्या इतिवृत्तातही हा आकडा सापडतो. दुसरा मार्ग उपभोग खर्चाचा: घर किती खर्च करतं हे पाहिलं की पैसा कुठून आला हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. केंद्राच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार देशपातळीवर २०२३-२४ चा दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता. पण या पाहणीचे जिल्हावार आकडे वापरू नका, नमुना तेवढा मोठा नसतो. तिचा ‘किनारी महाराष्ट्र’ विभाग घ्यावा म्हटलं तर त्यात मुंबई-ठाणं येतं आणि कणकवली त्यात बुडून जाते. निदान त्या विभागाचा फक्त ग्रामीण भाग तरी वेगळा काढा. तिसरा मार्ग तालुक्यात स्वतः घरोघर पाहणी करण्याचा. पाच-सहाशे घरांत बरंच कळतं, मात्र ती गणपतीत किंवा मे महिन्यात करू नये. त्या वेळी घरात दहा माणसं असतात आणि खर्च सणाचा असतो.

रुपयाचा डॉलर करताना

समजा एका जिल्ह्याचं २०१७-१८ चं दरडोई निव्वळ उत्पन्न १,३०,००० रुपये आहे. (हा आकडा फक्त हिशेब दाखवायला धरलाय, कुठल्याही जिल्ह्याचा नाही.)

आधी निव्वळचं स्थूल करा. आर्थिक पाहणीतला दरडोई आकडा घसारा (यंत्रं-इमारतींची झीज) वजा करून दिलेला असतो, तर जागतिक बँकेच्या तक्त्यात देशांचा जीडीपी स्थूल असतो. घसारा स्थूलाच्या १२ टक्के धरला तर १,३०,००० भागिले ०.८८, म्हणजे साधारण १,४७,७०० रुपये. ही पायरी गाळली की जिल्हा सुरुवातीलाच बारा टक्क्यांनी गरीब दिसतो, आणि ती जवळजवळ सगळेच गाळतात. शिवाय तक्त्याचं शीर्षक वाचून चालू किंमती की स्थिर किंमती ते बघा. डॉलरशी तुलनेला त्या वर्षाच्या चालू किंमतीच घ्यायच्या.

मग दर. २०१७ साली बाजारातला सरासरी विनिमय दर ६५.१२ रुपये होता. त्याच वर्षासाठी आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाने काढलेला भारताचा क्रयशक्ती समतेचा दर, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला मिळणारा माल इथे जेवढ्या रुपयांत मिळतो तो, २०.६५ रुपये होता. पहिल्याने भागलं तर सुमारे २,२७० डॉलर येतात, दुसऱ्याने सुमारे ७,१५० आंतरराष्ट्रीय डॉलर. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत. आयात यंत्र, परदेशी शिक्षण, कर्जफेड यांसाठी पहिला. तांदूळ, केस कापणं, एसटीचं तिकीट यांसाठी दुसरा. बाजारभावाच्या डॉलरमध्ये किती फसगत होते ते श्रीलंकेने दाखवलं. २०२२ च्या मार्च ते मे या काळात तिथला रुपया डॉलरला सुमारे २०० वरून ३६० पर्यंत घसरला. त्या वर्षी तिथलं उत्पादन खरोखरच सात टक्क्यांहून जास्त आक्रसलं आणि लोकांचे हाल झाले. पण डॉलरमधल्या दरडोई आकड्यात दिसणारी पडझड खऱ्या पडझडीपेक्षा बरीच मोठी होती. त्या वर्षी ‘सिंधुदुर्ग श्रीलंकेच्या पुढे गेला’ असं जर कोणी म्हटलं असेल, तर तो पराक्रम विनिमय दराचा.

समतेच्या दरातही एक मेख आहे: तो अख्ख्या भारताला एकच. जिल्ह्याच्या किंमतींसाठी अधिकृत आकडा नाही, पण ढोबळ दुरुस्ती करता येते. २०११-१२ च्या तेंडुलकर पद्धतीच्या दारिद्र्यरेषा घ्या. ग्रामीण महाराष्ट्र दरमहा ९६७ रुपये, शहरी महाराष्ट्र १,१२६. देशाची ग्रामीण रेषा ८१६, शहरी १,०००. जगायला लागणाऱ्या वस्तूंची एकच टोपली, वेगवेगळ्या भावांनी. म्हणजे ग्रामीण महाराष्ट्र राज्यातल्या शहरांपेक्षा १४ टक्क्यांनी स्वस्त, पण देशाच्या ग्रामीण सरासरीपेक्षा १८ टक्क्यांनी महाग. देशाच्या एकत्रित सरासरीशी ताडून पाहिलं तर दहा टक्क्यांच्या आसपास महागच. त्यामुळे वरचे ७,१५० प्रत्यक्षात ६,५०० च्या घरात धरावेत. टोपली गरिबांची आणि जुनी आहे, म्हणून ही दुरुस्ती अंदाज म्हणूनच लिहायची.

२०२१ च्या किंमतींवर आधारित नवे समतेचे दर मे २०२४ मध्ये आले. ‘२०१७ चे डॉलर’ आणि ‘२०२१ चे डॉलर’ एका तक्त्यात मिसळले की देश उगाच वरखाली होतात. जागतिक बँकेची टोकाच्या दारिद्र्याची रेषा २.१५ वरून ३ डॉलर झाली, त्यात या बदलाचाही हातभार आहे, पण मोठा वाटा गरीब देशांच्या सुधारित राष्ट्रीय दारिद्र्यरेषांचा.

‘अमुक जिल्हा आता उच्च-मध्यम उत्पन्न गटात’ अशा बातम्यांपासून तर दूरच राहावं. ते गट क्रयशक्तीवर ठरत नाहीत, जीडीपीवरही नाहीत. दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाला जागतिक बँकेच्या ‘ॲटलस’ पद्धतीचा, म्हणजे तीन वर्षांच्या सरासरीचा विनिमय दर लावून ठरतात. जुलै २०२५ पासून निम्न-मध्यम गट १,१३६ ते ४,४९५ डॉलर, उच्च-मध्यम १३,९३५ पर्यंत, त्यावर उच्च. समतेचा आकडा या शिडीवर टेकवला की भारतातला जवळजवळ कुठलाही जिल्हा एक पायरी फुकट चढतो.

भाजक

दरडोई म्हणजे शेवटी भागाकार, आणि कोकणात भाजकच डळमळीत आहे. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे २०११ नंतरचे दरडोई आकडे प्रक्षेपित लोकसंख्येवर उभे आहेत. एखाद्याने रत्नागिरीत दशकात दहा टक्के वाढ धरली आणि प्रत्यक्षात पाच टक्के घट झाली असेल, तर तेवढ्यानेच दरडोई आकड्यात १६ टक्के फरक पडतो. देशांच्या बाबतीत इतकी मोठी चूक सहसा होत नाही, कारण माणूस सीमा सहज ओलांडत नाही. रत्नागिरीहून मुंबईला जायला मात्र तुतारी एक्सप्रेसचं तिकीट पुरतं.

कोण जातं हेही महत्त्वाचं. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वात जास्त. हे स्त्रीसन्मानाचं प्रमाणपत्र म्हणून मिरवलं जातं. मुख्यतः ती गेलेल्या पुरुषांची नोंद आहे. कमावत्या वयातली माणसं वजा झाली की दरडोई उत्पादन घसरतं, पण काम करणाऱ्या माणशी उत्पादन घसरलेलं नसतं. म्हणून दोन्ही काढावेत.

वर्ष निवडतानाही जपून. आंबा एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. जून २०२० चं निसर्ग वादळ, मे २०२१ चं तौक्ते वादळ, जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि सगळ्यावर कोविड. २०२०-२१ किंवा २०२१-२२ हे एकटं वर्ष घेऊ नका. वादळानंतर पत्रे-कौलांचं, डागडुजीचं काम मूल्यवृद्धीत धरलं जातं, उन्मळून पडलेली कलमं त्यातून वजा होत नाहीत. तीन वर्षांची सरासरी हा कमीत कमी उपाय.

राहणीमान

मानव विकास निर्देशांक काढायचा मोह होतो. त्यात उत्पन्नाचा लॉगरिदम घेतात, किमान १०० आणि कमाल ७५,००० डॉलर धरून. वरच्या उदाहरणातल्या ७,१५० डॉलरला उत्पन्न निर्देशांक ०.६४५ येतो. बाहेरून येणाऱ्या पैशाचे आणखी २५ टक्के धरले तर ०.६७९. उत्पन्न, शिक्षण, आयुर्मान या तिन्ही अंगांचा भूमितीय मध्य घेतला की पूर्ण निर्देशांक दोन टक्क्यांनीही हलत नाही. उत्पन्नाचा आकडा संशयास्पद असताना हे सोयीचंच. अडचण आयुर्मानाची आहे: जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणी पद्धतीतून ते राज्यापुरतंच मिळतं. राज्याचं आयुर्मान जिल्ह्याला चिकटवलं तर गडचिरोली आणि सिंधुदुर्ग आरोग्यात सारखेच निघतात, मग निर्देशांक काढायचाच कशाला?

त्यापेक्षा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा पत्रकं घ्या. तिचे प्रश्न आंतरराष्ट्रीय लोकसंख्या-आरोग्य पाहण्यांच्या साच्यातले असल्यामुळे नेपाळ २०२२, कंबोडिया २०२१-२२ यांच्याशी रकाना-रकाना जुळतो: खुंटलेली मुलं, दहा वर्षं शिकलेल्या स्त्रिया, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक मात्र परदेशी आकड्यांशी जोडू नका; त्यात १२ निर्देशक आहेत, जागतिक निर्देशांकात १०. मातृ आरोग्य आणि बँक खातं ही आपली भर.

पाण्याच्या रकान्यापाशी थांबा. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या जून ते डिसेंबरमध्ये झालं, म्हणजे विहिरी तुडुंब असताना. बांधीव विहीर ‘सुधारित स्रोत’ ठरते, मग ती मार्चअखेर तळ गाठो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या या रकान्यात सुखी दिसतात. परदेशी आकडा ‘सुरक्षित व्यवस्थापित’ पाण्याचा असेल, तर त्याची अट घरात, हवं तेव्हा, दूषित नसलेलं अशी आहे. ही दोन मापं शेजारी ठेवणं चूकच.

मोठ्या दुखण्याला सावंतवाडी-दोडामार्गचा माणूस गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो. म्हणजे सिंधुदुर्गाच्या जगण्यातला एक भाग गोव्याच्या तिजोरीतून येतो. रेशनचं धान्य, शिक्षकांचे पगार, महामार्ग हेही जिल्ह्याच्या करातून नाही. छोट्या देशाला हे असं उसनं मिळत नाही. उलट त्याला चलन, जकात, करार स्वतःचे असतात.

मग कोणता देश?

‘कोकणचा कॅलिफोर्निया’ ही घोषणा हिशेबात घेऊच नये. कॅलिफोर्नियाची अर्थव्यवस्था २०२४ मध्ये सुमारे ४.१ लाख कोटी डॉलरची होती, अख्ख्या भारतापेक्षा मोठी.

लोकसंख्येने सिंधुदुर्ग फिजी, गयाना, भूतान यांच्या जवळ, पण गयाना २०१९ अखेर समुद्रातलं तेल निघू लागल्यापासून तुलनेच्या कामाचा राहिलेला नाही. काजूप्रक्रियेसाठी व्हिएतनामशी तुलना उपयोगाची, कारण तोही आफ्रिकेतला कच्चा काजू आणून फोडतो. तिथे दरडोई उत्पन्न नको. एका कामगारामागे दिवसाला किती किलो गर आणि त्यात अख्ख्या गराचं प्रमाण किती, हे बघा. मॉरिशसशी नातं जुनं आहे, रत्नागिरी-सावंतवाडीकडून गेलेल्यांचे वंशज तिथे मराठी म्हणवतात. २,०४० चौरस किलोमीटर आणि साडेबारा लाख लोक, म्हणजे माणसं रत्नागिरीच्या पाऊणपटीहून थोडी जास्त, जमीन तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी. ऊस, मग निर्यातीचं कापड, मग पर्यटन आणि वित्तसेवा, असा त्यांचा प्रवास. त्यातल्या शेवटच्या टप्प्याला करसवलतीचे आंतरराष्ट्रीय करार लागले, ते जिल्हा परिषद करू शकत नाही. राहणीमानासाठी श्रीलंका चांगली: नारळ, मासळी, पाऊस, शिक्षणाची आवड आणि आखातातली नोकरी, सगळं ओळखीचं. धोरणासाठी उत्तर हवं असेल तर देश सोडा आणि गोवा घ्या. किनारा तोच, जांभा तोच, फक्त सरकार वेगळं.

तक्ता करताना एकूण उत्पन्न, लोकसंख्या आणि वापरलेला दर तीन स्वतंत्र रकान्यांत ठेवा, नुसता दरडोई आकडा साठवू नका. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते आकडे आले की २०११ नंतरच्या सगळ्या वर्षांचे भाजक बदलतील, आणि तेव्हा फक्त एक रकाना बदलावा लागेल.